फिर्यादीचे नाव



मी कवी माणूस. संमेलनात एखादा शेर जमून गेला की समोरून ‘वाहवा’ येते. तिला आम्ही दाद म्हणतो. लहानपणी मात्र हा शब्द मला वेगळ्याच अर्थाने भेटला होता. आमची दादी गावातल्या एखाद्या बाईविषयी बोलता बोलता म्हणायची, ‘बिचारी को कहीं दाद नहीं मिली.’ मला वाटायचे, ही बाई कविता करत असावी. पुढे कळले, की फारसीत दाद म्हणजे न्याय. कवीला दाद द्यायची म्हणजे त्याच्या शब्दाला न्याय द्यायचा. फिर्याद म्हणजे मुळात मदतीसाठी फोडलेला टाहो. इन्साफ म्हणजे अर्धे अर्धे वाटून देणे. अर्ज, हुजूर, कौल हे शब्दही असेच बाहेरून आले आणि इथल्या कुणब्याच्या तोंडी असे बसले, की आता ते परके वाटत नाहीत. गाऱ्हाणे हा शब्द मात्र आधीपासून इथेच होता. गाऱ्हाणे कुठल्याही राज्यापेक्षा जुने असते.

आज मला याच गाऱ्हाण्याची गोष्ट सांगायची आहे. गावचा पाटील, परगण्याचा देशमुख किंवा मुलुखाचा जहागीरदार माजला, तर आपल्याकडचा साधा माणूस दाद कुणाकडे मागत होता? ती मिळत होती का? आणि मिळाली, तर कशामुळे मिळत होती?

माझे गाव अंबड तालुक्यात. गावाच्या मधोमध गढी आहे. मराठवाड्यात फिरलेल्यांना गढी म्हणजे काय हे सांगायला नको. पांढऱ्या मातीचे उंच बुरूज, एकच दरवाजा, आत वाडा, विहीर आणि धान्याची पेवे. पेंढारी किंवा लुटारू आले की गाव गढीत शिरत असे. हा गढीचा मोठा उपकार. पण लुटारू निघून गेल्यावरही बुरूज तिथेच राहत आणि त्यांचे तोंड गावाकडेच असे. आमच्या घराण्याकडे मुलाण्याचे काम होते. मुलाणा हा अनेक गावांत बलुतेदारांपैकी एक. खळ्यावर इतरांसारखाच त्यालाही सुगीचा वाटा मिळे. म्हणून गढीचा आसरा आणि गढीची दहशत, दोन्ही आमच्या घराला माहीत होते.

या गढ्यांविषयी जुन्या मराठीत एक स्पष्ट साक्ष आहे, ती कृष्णाजी अनंत सभासदाची. छत्रपती राजारामांच्या आज्ञेवरून त्याने जिंजी येथे शिवाजी महाराजांचे चरित्र लिहिले. त्यात तो सांगतो, की देशमुख, देशकुलकर्णी, पाटील हे वाडे, हुडे, कोट बांधून बळावले होते. गावातून हजार-दोन हजार घ्यायचे आणि सरकारात दोनशे-तीनशे भरायचे, असा त्यांचा कारभार होता. महाराजांनी त्यांचे हुडे पाडले, त्यांचा हक्क ठरवून दिला आणि बाकीच्यांसारखे साधे घर बांधून राहा, असे बजावले. सभासद दरबारी लेखक होता, धन्याचे कौतुक करणे हे त्याचे कामच होते. तरी त्याने रोगाचे निदान अचूक केले आहे. रयत आणि राजा यांच्यामध्ये एक भिंत होती. त्या भिंतीतून राजाकडे पैसा अर्धामुर्धा जाई आणि गाऱ्हाणे तर जातच नसे.

आता प्रश्न असा, की गाऱ्हाणे घेऊन जायचे तरी कुठे? त्या काळी न्यायनिवाड्याची व्यवस्था नव्हती, असे मुळीच नाही. गोतसभा होती. देशमुख, देशपांडे, आसपासच्या गावचे पाटील, शेटे-महाजन, बलुतेदार एकत्र बसत, दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकत, साक्षी घेत. निवाड्याचा कागद होई, त्याला महजर म्हणत. त्यावर हजर असलेल्यांची नावे आणि खाली निशाण्या असत. पाटलाची निशाणी नांगर, शेटे-महाजनाची तागडी. ज्यांना लिहिता येत नव्हते त्यांची हत्यारे त्यांच्या वतीने सही करत. पुरावा नसेल तर दिव्य करावे लागे. उकळत्या तेलातुपातून धातूचा रवा हाताने काढायचा आणि हात भाजला नाही तर खरा, भाजला तर खोटा. आज अंगावर काटा येतो, पण वतनाच्या हक्कासाठी लोक असे हात घालत.

ही सभा दोन पाटलांचा किंवा दोन भावांचा वाद सोडवायला चांगली होती. पण वाद पाटलाशीच असेल तर? समोर बसलेले पाटील त्याचे सोयरे, वर बसलेला देशमुख त्याच्याच पंगतीचा. कुंपणच शेत खाऊ लागले तर शेताने कुंपणाकडे दाद कशी मागायची? मग एकच वाट उरे. कुंपण ओलांडून वर जायचे, हुजुरात.

त्या वाटेने गेलेली सर्वांत प्रसिद्ध तक्रार आहे रांझ्याची. पुण्याच्या दक्षिणेला, खेडेबाऱ्यात, रांझे हे गाव. तिथला पाटील बाबाजी भिकाजी गुजर. त्याच्या हातून बदअमल, म्हणजे वाईट वर्तन झाल्याची खबर शिवाजीराजांच्या कानावर गेली. त्याला धरून आणले, चौकशी झाली, गुन्हा खरा ठरला. त्याचे हातपाय तोडले आणि पाटीलकी जप्त झाली. या हुकमाचा कागद २८ जानेवारी १६४६ या तारखेचा आहे. राजांना सोळावे वर्षही पुरे झाले नव्हते. त्यांच्या मुद्रेच्या अगदी आरंभीच्या कागदांत या कागदाची गणना होते. तेव्हा ते छत्रपती नव्हते. आदिलशाहीच्या एका सरदाराचे पुत्र म्हणून वडिलांची जहागीर पाहत होते. तरीही त्या मुलुखातल्या माणसाला पहिल्यांदा कळले, की पाटलाच्या वर कोणीतरी आहे आणि ते ऐकते.

ही गोष्ट आपण सगळे शाळेपासून ऐकत आलो. पाटलाने एका बाईची अब्रू घेतली, असे आपल्याला सांगितलेले असते. मी तो कागद छापील स्वरूपात पहिल्यांदा वाचला तेव्हा ती बाई शोधू लागलो. कागदात पाटलाचे नाव आहे, त्याच्या बापाचे आहे, गावाचे आहे. पुढे त्या लुळ्यापांगळ्या पाटलाला सांभाळायला तयार झालेल्या त्याच्या गोत्रातल्या सोनजी बनाजी गुजराचे नाव आहे. दिवाणात रक्कम भरून पाटीलकी या सोनजीच्या नावे झाली, हेही लिहिले आहे. नाही ते फक्त तिचे नाव. ‘बदअमल’ एवढ्या एका शब्दात तिचे सारे दुःख गुंडाळून ठेवले आहे. ती बाई होती हे कागदाने सांगितले नाही, ते लोकांच्या आठवणीने जपले.

मला या कागदात दोन गोष्टी दिसतात आणि दोन्ही खऱ्या आहेत. पहिली ही, की शिक्षा झाली. त्या काळात असा अपराध पैसे भरून मिटवता येत असे, तो मिटवू दिला नाही. दुसरी ही, की पाटीलकी त्याच गोतात राहिली. माणूस मोडला, वतन मोडले नाही. राजाला ते मोडता येत नव्हते. गावचा वसूल कोण गोळा करणार? पडीक रान कोण वाहतीखाली आणणार? चोराचा माग कोण काढणार? ती सगळी कामे पाटलाची. राजाला रयत हवी होती आणि पाटीलही हवा होता. या दोन गरजांच्या फटीतून न्याय वाट काढत होता.

ही अडचण आपल्याच देशाची नव्हती. इंग्लंडमध्येही मध्ययुगात जमिनीला बांधलेला कुळवाडी आपल्या सरदाराविरुद्ध राजाच्या न्यायालयात सहसा जाऊ शकत नसे. ‘हा माझा बांधील माणूस आहे’ एवढे सरदाराने सिद्ध केले, की खटला संपला. त्यावर तिथल्या शेतकऱ्यांनी एक युक्ती काढली. १०८६ साली राजाने साऱ्या मुलुखाची पाहणी करून एक मोठे दप्तर तयार केले होते. १३७७च्या सुमारास दक्षिणेकडच्या बऱ्याच गावांनी पैसे भरून त्या दप्तराच्या नकला काढल्या. आमचे गाव पूर्वी खुद्द राजाचे होते, तेव्हा आमच्यावर ही वेठ लादता येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. जुना कागद घेऊन राजाच्या दारी उभा राहिलेला शेतकरी आपल्याला किती ओळखीचा वाटतो! त्यांना दाद मिळाली नाही. चार वर्षांनी, १३८१मध्ये, मोठे बंड झाले. चौदा वर्षांचा राजा दुसरा रिचर्ड बंडखोरांसमोर आला, तुम्हाला मुक्त केले म्हणाला, तशा सनदाही लिहून दिल्या. बंड मोडल्यावर काही आठवड्यांतच त्या सनदा रद्द झाल्या.

इंग्लंडातल्या त्या शेतकऱ्याचा विश्वास होता, की राजा चांगला आहे, मधले लोक वाईट आहेत. आपल्याकडेही हाच विश्वास होता. राजांनाही तो हवा होता. जहांगीर बादशहाने १६०५ साली गादीवर येताच आग्र्याच्या किल्ल्यापासून यमुनेच्या काठापर्यंत सोन्याची साखळी बांधली. तिला साठ घंटा होत्या. कुणावर अन्याय झाला तर त्याने ती ओढावी, मी ऐकेन, असे त्याने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. कल्पना सुंदर आहे. पण जालन्याच्या एखाद्या विणकराने किंवा भोकरदनच्या कुणब्याने ती साखळी ओढायला शेकडो कोस चालत जायचे कसे? बैल कुणाच्या भरवशावर सोडायचे? आणि परत आल्यावर गावात राहायचे कसे?

शिवाय राजा ऐकतो तो आपल्या रयतेचे. शत्रूच्या रयतेचे कोण ऐकतो? हे जालन्याच्या माणसाने तरी विसरू नये. नोव्हेंबर १६७९मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजेने जालन्याची पेठ लुटली. सभासदानेही हे झाकून ठेवलेले नाही. जालना तेव्हा मोगलांचे संपन्न बाजाराचे गाव होते आणि मोगलांशी युद्ध चालू होते. ज्या राजाच्या राज्यात भाजीच्या देठालाही हात लावायची शिपायाला बंदी होती, त्याच राजाची फौज इथे शत्रूच्या मुलुखात आली होती. त्या काळच्या सगळ्या राजांचा युद्धधर्म असाच होता, मोगल फौजा तर मराठी मुलुखात याहून भयंकर वागत. मी कुणाला कमी-जास्त लेखण्यासाठी हे सांगत नाही. राजाचा न्याय त्याच्या सरहद्दीपाशी थांबत असे, एवढेच मला म्हणायचे आहे. सरहद्द बदलली की त्याच माणसाचे गाऱ्हाणे बेवारस होई.

मग रयतेच्या हाती काहीच नव्हते का? होते. तिच्या हाती नव्हे, पायांत होते.

जुनी दप्तरे चाळणाऱ्यांना एक शब्द वारंवार भेटतो, परागंदा. जुलूम असह्य झाला की कुणबी रातोरात बैल जुंपायचा, बायकापोरे गाडीत घालायचा आणि दुसऱ्या परगण्यात निघून जायचा. कधी सबंध गाव ओस पडे. त्या काळी जमीन उदंड होती, माणसे कमी. शेजारचा जहागीरदार अशा माणसांची वाटच पाहत असे. त्यांना जागा, बी-बियाणे, पहिली काही वर्षे हलका सारा, सगळे द्यायला तो तयार असे. इकडे मागे राहिलेल्या पाटलाची, देशमुखाची, राजाची झोप उडे. माणूस गेला म्हणजे सारा गेला आणि सारा गेला म्हणजे फौज गेली. मग सरकारातून कौल निघे. कौल म्हणजे दिलेला शब्द. परत या, पूर्वीची बाकी माफ, यंदा इतकाच सारा, पुढच्या साली थोडा जास्त, अशा चढत्या पायऱ्या बांधून दिल्या जात. त्याला इस्तावा म्हणत. कित्येक उजाड गावे अशी कौल देऊन पुन्हा वसवली आहेत.

शिवाजी महाराजांची जी पत्रे आपण अभिमानाने सांगतो, त्यांत हे भान लख्ख आहे. ५ सप्टेंबर १६७६ रोजी प्रभावळीचा सुभेदार रामाजी अनंत याला लिहिलेल्या पत्रात ते म्हणतात, गावोगाव फिर, कुणबी गोळा कर, कुणाकडे बैल नाहीत, कुणाकडे पोटाला नाही ते बघ, त्याला बैल आणि दाणे दे आणि पुढे त्याच्याकडून व्याज न घेता मुद्दलच हळूहळू वसूल कर. चिपळूणकडे छावणीला असलेल्या आपल्या फौजेला त्यांनी दुसऱ्या एका पत्रात बजावले, की तुम्ही कुणब्याच्या घरचे दाणे, गवत, भाजी ओरबाडू लागलात तर तो म्हणेल, याहून मोगल बरे होते. आणि मग तो निघून जाईल किंवा उपाशी मरेल. हे वाचून कुणी म्हणेल, यात दया आहे. कुणी म्हणेल, यात हिशेब आहे. मला वाटते, मोठा राजा तोच ज्याला ही दोन्ही एकाच वेळी कळतात. सामान्य राजाला मात्र फक्त हिशेब कळे आणि तोही शिवार ओस पडल्यावर.

महाराजांनंतर काय झाले ते पाहिले की हा मुद्दा आणखी स्पष्ट होतो. औरंगजेब स्वतः दक्षिणेत उतरला, १६८९मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, राजाराम महाराजांना जिंजीला जावे लागले. लढायला माणसे हवीत आणि खजिना रिकामा. वतने आणि सरंजाम देण्यावाचून इलाज राहिला नाही. राज्य वाचले, पण पाडलेले बुरूज पुन्हा उभे राहिले. १७१५च्या सुमारास रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्रात वतनदारांविषयी जे लिहिले, ते आजही वाचण्यासारखे आहे. हे लोक म्हणजे राज्याचे भाऊबंदच, असे ते म्हणतात. आपल्याकडे आहे तेवढ्यावर त्यांचे समाधान नाही, दुबळ्याचे बळकवायचे आणि राजाला जुमानायचे नाही ही त्यांची रीत. त्यांना फार दुखवू नये आणि फार मोकळेही सोडू नये, असा त्यांचा सल्ला आहे. हयातभर राज्य चालवलेल्या माणसाने दिलेली ही कबुलीच आहे.

पुढे पेशवाईत पुण्यात घाशीराम कोतवालाचे प्रकरण घडले. तेंडुलकरांच्या १९७२च्या नाटकामुळे ते नाव घरोघर पोचले, पण मूळ घटना इतिहासातली आहे. घाशीराम १७७७पासून पुण्याचा कोतवाल होता. ऑगस्ट १७९१मध्ये त्याने श्रावणातल्या दक्षिणेसाठी आलेल्या तेलंगी ब्राह्मणांना चोर समजून कोंडले आणि त्या कोंडवाड्यात गुदमरून एकवीस जण मेले. मग मोठा जमाव नाना फडणविसांच्या वाड्यावर गेला, न्याय मागू लागला. कोतवालाला देहदंड झाला आणि जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. दाद मिळाली, यात शंका नाही. पण मला राहून राहून वाटते, की कोतवालाच्या त्या चौदा वर्षांत एकेकट्याने रडणारे कितीतरी असतील. जमाव दारात आला, तेव्हाच दार उघडले.

एकट्या माणसाला, त्यातही एकट्या बाईला, दाद मिळाल्याचे उदाहरण हवे असेल तर मी अहिल्याबाई होळकरांकडे पाहतो. आमच्या अंबडशी त्यांचे नाते आहे. हा परगणा होळकरांकडे होता आणि अंबडच्या बारवेशी आजही त्यांचे नाव जोडले जाते. १७६७ ते १७९५ त्यांनी राज्य केले. रोज दरबारात बसून त्या लोकांची गाऱ्हाणी स्वतः ऐकत. जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३च्या आपल्या ग्रंथात एक हकिगत दिली आहे. इंदूरचा एक सावकार निपुत्रिक वारला. काही लोकांनी कान भरल्यामुळे तुकोजी होळकरांनी त्याच्या संपत्तीत वाटा मागितला. तुकोजी म्हणजे खुद्द होळकरांच्या फौजेचे प्रमुख. सावकाराची विधवा तडक महेश्वरला गेली. बाईंनी तिचे ऐकून घेतले, तिला वस्त्रे देऊन नवऱ्याच्या संपत्तीची ती एकटी मालकीण असल्याचे जाहीर केले आणि तुकोजींना कळवले, की इंदुरापासून दूर जा, माझ्या शहराला त्रास देऊ नका. तुकोजींनी ते मुकाट्याने मानले. इथे ना जमाव होता, ना गाव ओस पडले होते. ऐकणारी बाई होती, एवढेच. पण याही हकिगतीत ती फिर्यादी एका सावकाराची विधवा आहे. महेश्वरपर्यंत जायला तिच्याकडे वाहन होते.

आता माझ्या घरची गोष्ट सांगतो आणि थांबतो.

माझ्या दादाजींना, म्हणजे आजोबांना, उर्दू लिहिता येत होते. निजामी राजवटीत कचेऱ्यांचा कारभार उर्दूत चाले. त्यामुळे गावात कुणाला वर अर्ज करायचा असेल तर तो आमच्या ओट्यावर येई. दादाजी आधी तीन ओळी मायबाप सरकारच्या गौरवाच्या लिहीत, मग एक ओळ तक्रारीची, मग दोन ओळी दुव्याच्या. दादी थट्टेने म्हणायची, तुमच्या अर्जात गूळ फार आणि औषध थोडे.

एका सालची हकिगत तिने मला बऱ्याचदा सांगितली. पहिला पाऊस झाला की आधी गढीच्या जमिनीत पेरणी करायची, तीही फुकट, असा दंडक होता. आपल्या रानातली वाफ त्यात निघून जाई. शिवाय बायकांना गढीवर दळणाला, सारवणाला बोलावणे येई. त्या बोलावण्यात काय काय असे, ते दादी सांगत नसे. एक दिवस एक बाई तिन्हीसांजेला ओट्यावर आली. म्हणाली, लिहा. दादाजींनी विचारले, नाव काय घालू? ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘गावची रयत म्हणा.’ दादाजींनी तेवढेच लिहिले. तिने अंगठा उठवला. अर्ज वरच्या कचेरीत गेला. उत्तर आले नाही. दादी म्हणायची, ‘लिखे तो सही, पर सुन्या कौन?’

पुढच्या मृगाच्या आधी आठ घरे एका रात्रीत गाव सोडून गेली. त्यांत तिचेही घर होते. गढीचे निम्मे रान पडीक राहिले. दिवाळीनंतर गढीवरचा माणूस नारळ घेऊन त्यांच्या मागे गेला. फुकटची पेरणी बंद करू, गढीवर कोणत्याही बाईला बोलावणे जाणार नाही, असे कबूल केले, तेव्हा पाच घरे परत आली. तिचे घर आले नाही. रांझ्याच्या कागदात मी तिला का शोधत होतो, हे आता तुमच्या ध्यानात आले असेल. नाव न लिहिणे हा कधी विसर असतो, कधी पांघरूण असते. कोणते काय होते, ते कागदावरून कळत नाही.

गढीच्या मालकांचे नाव मी सांगणार नाही. त्यांचे नातू माझ्या वर्गात होते, आजही आमचे येणे-जाणे आहे. १९४९मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या रद्द झाल्या, पुढे कूळकायदा आला, पाटीलकीची वतनेही गेली. आमच्या गावातल्या लोकांनी गढीची पांढरी माती टोपल्या-टोपल्यांनी आणून आपल्या माळवदांवर घातली. ती माती पावसाचे पाणी आत येऊ देत नाही. एका बुरुजाचा आता फक्त बुंधा उरला आहे.

आज जिल्हाधिकारी कार्यालयात महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. मी कुणाकुणाचे अर्ज लिहून द्यायला जातो, घरचीच रीत. अर्जात अर्जदाराचे नाव अगदी वर लिहायचे असते. साधी गोष्ट आहे, पण मला दर वेळी ती रांझ्याची बाई आणि आमच्या ओट्यावरची बाई आठवते. नाव लिहिण्याची हिंमत आणि हक्क ही गेल्या पावणेचारशे वर्षांची कमाई आहे. ती लहान नाही.

पण त्यात काही हरवलेही आहे. दसरा झाला की आमच्या भागातून ऊसतोडीला ट्रक आणि ट्रॅक्टर निघतात. भांडीकुंडी, कोंबड्या, तान्ही पोरे वर टाकून माणसे पाच-सहा महिन्यांसाठी जातात. वस्त्यांत म्हातारी माणसे राहतात. पूर्वी असे गाव रिकामे झाले की सरकारला घाम फुटे, मागोमाग कौल निघे. आता गाव रिकामे होते आणि कुणालाच त्याचे काही वाटत नाही, कारण त्या माणसाच्या साऱ्यावर आता कुणाचे राज्य चालत नाही. कौल हा शब्द आपल्याकडे अजून आहे, पण तो निवडणुकीत आपण द्यायचा असतो. आपल्याला कुणी देत नाही.

मागच्या वर्षी ऊसतोडीला निघालेल्या एका बाईचा अर्ज मी लिहिला. मुकादमाने उचलीचा हिशेब चुकवला होता. मी सवयीने विचारले, नाव काय घालू? तिने आपले नाव, बापाचे नाव, नवऱ्याचे नाव, गाव, सगळे खणखणीत आवाजात सांगितले आणि म्हणाली, ‘नीट लिवा भाऊ, चुकायला नको.’ अर्ज दिला आहे. उत्तराची वाट पाहतो आहोत.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)